परतीचा हक्क : अँड्रॉइड ॲपमधील स्क्रीन आणि बॅक स्टॅक

अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टी-मोबाइल जी१ या नावाने विक्रीला आला. त्याच्या पडद्याखाली कॉल घेण्या-तोडण्याच्या कळांसोबत होम, मेनू आणि बॅक या कळा होत्या. पुढच्या काही वर्षांत मेनूची कळ गेली, कॉलच्या कळा गेल्या, मधला ट्रॅकबॉल गेला, सरकवून बाहेर काढायचा कीबोर्डही गेला. बॅक मात्र टिकली. आधी ती बोटाने दाबायची खरी कळ होती, मग पडद्यावर उमटणारा बाण झाली आणि २०१९च्या अँड्रॉइड १०पासून पडद्याच्या कडेवरून आत ओढलेल्या बोटाची खूण झाली. रूपे बदलत गेली, काम मात्र तेच राहिले : आत्ता आहे तिथून, आधी होतो तिथे ने.

हे पुस्तक त्या एका कामाविषयी आहे. ॲप कसे करावे हे शिकवताना पुढची स्क्रीन कशी उघडायची ते पहिल्याच काही धड्यांत येते. ती बंद केव्हा व्हावी, बंद झाल्यावर तिच्याखाली काय दिसावे, हे मात्र शिकणाऱ्याने नोकरीला लागल्यावर ठेचा खात शिकावे अशी जणू रीतच पडली आहे. मला ही रीत उलटी वाटते. ॲप वापरणारा माणूस पुढे जाताना सावध असतो, वाचून, विचार करून बटण दाबतो. मागे जाताना तो विचार करत नाही, त्याचा अंगठा आपोआप जातो. ज्या गोष्टीवर माणसाचा असा न तपासता विश्वास असतो, ती गोष्ट सगळ्यात आधी आणि सगळ्यात काळजीने ठरवली पाहिजे. या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण या एका म्हणण्यावर उभे आहे.

बॅक हा अँड्रॉइडमध्ये यंत्रणेने दिलेला शब्द आहे, हे आधी समजून घ्यायला हवे. २००७च्या आयफोनला पडद्याखाली होमची एकच कळ होती. मागे जाण्याचे बटण ज्याच्या त्याच्या ॲपने आपल्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात काढायचे. परतीची वाट हा तिथे त्या ॲपचा घरगुती मामला होता. अँड्रॉइडने ती वाट सगळ्या ॲपना मिळून एकच दिली. मेल लिहिताना फोटो जोडायचा झाला तर कॅमेऱ्याची स्क्रीन उघडते. ती दुसऱ्याच कोणाच्या तरी ॲपची असते, पण बॅक दाबली की माणूस आपल्या अर्धवट मेलवर परत येतो. मध्ये आपण दुसऱ्याच्या घरात जाऊन आलो हे त्याला कळतही नाही, आणि कळायची गरजही नाही.

हे शक्य झाले ते ॲक्टिव्हिटी आणि इंटेंट या दोन कल्पनांमुळे. जी१मध्ये रॅम होती १९२ मेगाबाइट. एवढ्याशा जागेत चार ॲप एका वेळी पूर्ण उघडी ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून ॲप हा एकसंध गोळा न मानता त्याच्या स्क्रीन सुट्या केल्या, त्या ॲक्टिव्हिटी. एका स्क्रीनने दुसरीला थेट हाक मारायची नाही, ‘मला फोटो हवा’ एवढा हेतू, म्हणजे इंटेंट, यंत्रणेला सांगायचा आणि कोणाला उठवायचे ते यंत्रणेने ठरवायचे. एका कामासाठी उघडलेल्या अशा स्क्रीन, मग त्या कोणत्याही ॲपच्या असोत, एका टास्कमध्ये एकावर एक बसतात. त्या रचनेला बॅक स्टॅक म्हणतात. तव्यावरून उतरलेली भाकरी जशी चवडीवर ठेवली जाते आणि वाढताना तीच आधी उचलली जाते, तसा हा हिशेब : शेवटी आलेली स्क्रीन आधी जाते. यंत्रणेच्या या भागाची घडण ज्यांच्या हातून झाली त्यांत डायान हॅकबॉर्न यांचे नाव ठळक आहे. त्यांनी २०१६मध्ये जाहीरपणे लिहिले होते की, यंत्रणेच्या दृष्टीने ॲक्टिव्हिटी म्हणजे तुमच्या ॲपमध्ये शिरण्याचे दार. आत शिरल्यावर तुम्ही खोल्या कशा मांडता याच्याशी यंत्रणेला देणेघेणे नाही. हे वाक्य आठ वर्षे आधी सगळ्यांना नीट ऐकू आले असते, तर पुष्कळ श्रम वाचले असते असे मला वाटते. मधल्या काळात आपण प्रत्येक खोलीला रस्त्यावर उघडणारे दार करत बसलो.

स्टॅकचा नियम साधा आहे. त्याला घातलेली मुरड मात्र साधी नाही. ॲक्टिव्हिटी कशी उघडावी हे सांगणारे चार लाँच मोड सुरुवातीपासून आहेत : स्टँडर्ड, सिंगलटॉप, सिंगलटास्क आणि सिंगलइन्स्टन्स. अँड्रॉइड १२ने त्यांत पाचवा आणला. यातला सिंगलटॉप निरुपद्रवी आणि उपयोगी आहे. शोधाची स्क्रीन आधीच वर असेल तर तिच्यावर तशीच दुसरी चढवू नये, आहे तिलाच नवा शब्द द्यावा, एवढेच तो करतो. सिंगलटास्कपासून मात्र नवख्यांनी दूर राहावे. ॲपच्या पहिल्या स्क्रीनला हा मोड लावला आणि माणूस तीन स्क्रीन आत जाऊन अर्ज भरत असताना होम दाबून बाहेर पडला, की परत येताना काय होते पाहा. तो आयकॉनवर टिचकी मारतो, यंत्रणा पहिल्या स्क्रीनला पुन्हा हाक मारते आणि तिच्यावर बसलेल्या सगळ्या स्क्रीन मोडून टाकते. अर्ज गेला. कोडमध्ये कुठेही चूक दिसत नाही, क्रॅश होत नाही, अहवालात काही येत नाही. फक्त माणूस पुन्हा अर्ज भरत नाही.

टास्क ॲफिनिटी या गुणधर्माची गोष्ट तर थेट सुरक्षेपर्यंत जाते. एखादी ॲक्टिव्हिटी कोणत्या टास्कशी नाते सांगते ते या गुणधर्माने ठरते, आणि तिथे कोणीही कोणत्याही ॲपचे नाव लिहू शकतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवून दिले की, दुष्ट ॲप या मार्गाने दुसऱ्या ॲपच्या टास्कमध्ये आपली स्क्रीन घुसवू शकते. २०१९च्या डिसेंबरमध्ये नॉर्वेच्या प्रोमॉन कंपनीने हाच मार्ग प्रत्यक्षात वापरला जात असल्याचे उघड केले आणि त्याला स्ट्रँडहॉग हे नाव दिले. माणूस आपल्या बँकेच्या आयकॉनवर टिचकी मारतो, समोर लॉगिनची स्क्रीन येते, ती बँकेची नसते. परतीच्या वाटेवरचा विश्वास किती मोलाचा आहे हे चोरांना नेमके कळले होते. पैशांशी संबंध असलेल्या ॲपमध्ये ॲफिनिटी रिकामी ठेवण्याविषयी या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, ते कोणी वगळू नये.

२०११च्या फेब्रुवारीत टॅब्लेटसाठी अँड्रॉइडची हनीकोंब ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर फ्रॅगमेंट आले. मोठ्या पडद्यावर डावीकडे यादी, उजवीकडे मजकूर अशा दोन खणांची सोय व्हावी हा हेतू चांगला होता. पण फ्रॅगमेंटने आपला स्वतःचा बॅक स्टॅक आणला, आणि तो स्क्रीनचा नव्हताच. त्यात साठतात ते व्यवहार : हा फ्रॅगमेंट काढला, तो घातला, याला लपवले. बॅक दाबली की शेवटचा व्यवहार उलटा होतो. आता एक व्यवहार स्टॅकमध्ये नोंदवला आणि पुढचा नोंदवायचा राहिला, की उलटण्याचा हिशेब चुकतो. एका स्क्रीनच्या अक्षरांवर दुसरीची अक्षरे उमटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा चुकलेला हिशेब लगेच ओळखू येईल. त्यात व्यवहार लगेच होत नाही, रांगेत लागतो. आणि स्क्रीनची स्थिती साठवून झाल्यावर व्यवहार करायला गेलात तर ॲप जागीच कोसळते. स्क्वेअर कंपनीतल्या अभियंत्यांनी २०१४मध्ये फ्रॅगमेंट वापरूच नयेत असे जाहीरपणे लिहिले, ते या सगळ्या त्रासातूनच. मी तितका टोकाला जाणार नाही. फ्रॅगमेंटवर उभी असलेली ॲप आजही असंख्य आहेत आणि ती सांभाळणाऱ्यांना ‘सगळे पुन्हा लिहा’ हा सल्ला काही कामाचा नाही. त्यांच्यासाठी स्टॅकमध्ये व्यवहार असतात, स्क्रीन नव्हे, हे एक वाक्य भिंतीवर लावण्यासारखे आहे.

हनीकोंबमध्ये वरच्या पट्टीत आणखी एक बाण अवतरला, अप. बॅक वेळेच्या क्रमाने मागे नेते, अप रचनेच्या क्रमाने वर नेते, अशी शिकवण होती. मेलच्या नोटिफिकेशनवरून थेट पत्र उघडले तर बॅकने माणूस आधीच्या ॲपवर जाईल आणि अपने इनबॉक्समध्ये. कागदावर हे शुद्ध आहे. वापरणाऱ्याला मात्र डावीकडे तोंड केलेले दोन बाण दिसत होते आणि ते कधी एकाच ठिकाणी नेत, कधी वेगळ्या. पुढे गूगलने नियम सैल केला : आपल्याच ॲपमध्ये फिरत असताना दोन्ही बाणांनी सारखेच वागावे, फक्त अपने कोणाला ॲपच्या बाहेर नेऊ नये. हा निर्णय योग्य होता आणि तो उशिरा झाला.

आता त्या विषयाकडे येतो ज्यासाठी मी हे पुस्तक लिहायला घेतले. रेल्वेचे तिकीट काढायचे एखादे ॲप डोळ्यांपुढे आणा. शोध, गाड्यांची यादी, प्रवाशांची नावे, पैसे भरणे आणि तिकीट अशा पाच स्क्रीन. माणसाने घरातल्या सहा जणांची नावे आणि वये भरली, पैसे भरायला यूपीआयचे ॲप उघडले, पिन टाकला, मध्येच बँकेचा एसएमएस पाहिला आणि परत आला. त्याच्या फोनची रॅम दोन-तीन जीबी. तो बाहेर होता त्या मिनिटभरात यंत्रणेला जागा कमी पडली आणि तिने तिकिटाच्या ॲपची प्रोसेस मारून टाकली. हा यंत्रणेचा दोष नाही, ती पहिल्या दिवसापासून अशीच वागते. ॲक्टिव्हिटींच्या स्टॅकची नोंद ती स्वतःकडे ठेवते, म्हणून माणूस परतताच ती बरोबर चौथी स्क्रीन पुन्हा उभी करते. पण त्या स्क्रीनच्या हाताखालची मेमरी नवी, कोरी असते. आधीच्या स्क्रीननी सामायिक चलांत ठेवलेली नावे, गाडी, भाडे, सारे गेलेले असते. ॲप कोसळले तर ते बरे म्हणायचे. त्याहून वाईट म्हणजे रिकामी स्क्रीन आणि शून्य रुपये. खात्यातून पैसे गेले आहेत, समोर तिकीट नाही, आणि मागे जावे की थांबावे हे सांगायला कोणी नाही.

कार्यालयातल्या बारा जीबीच्या फोनवर हे कधीच दिसत नाही. म्हणून ते ‘आमच्याकडे होत नाही’ या शेऱ्यासह परत येते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ अशी सोय आहे आणि पुष्कळजण ती लावून तपासणी पूर्ण झाली असे समजतात. ती अपुरी आहे. तिच्यामुळे स्क्रीन मोडते, प्रोसेस जिवंत राहते, त्यामुळे सामायिक चलांतली माहिती शाबूत सापडते आणि खरा दोष झाकलाच जातो. ॲप पार्श्वभूमीला पाठवून संगणकावरून त्याची प्रोसेस मारायची आणि मग अलीकडच्या ॲपच्या यादीतून त्यात परत यायचे, ही खरी परीक्षा. या पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणाला मी ही परीक्षा लावली आहे.

यावरून स्क्रीन ते स्क्रीन काय पाठवावे याचा नियम निघतो. पूर्ण यादी पाठवू नये, ओळख पाठवावी : गाडीचा क्रमांक, तारीख, नोंदणीची खूण. बाकीचे त्या स्क्रीनने डेटाबेसमधून स्वतः आणावे. एकतर स्थिती साठवण्याचा मार्ग प्रोसेसदरम्यान माहिती नेणाऱ्या ज्या बाइंडरमधून जातो त्याची पिशवी एका प्रोसेसला मिळून सुमारे एक मेगाबाइटची असते, ती ओलांडली की ॲप कोसळते. आणि दुसरे, महत्त्वाचे : ओळख शिळी होत नाही, यादी होते.

याच तिकिटाच्या ॲपवर पुढचे प्रश्न विचारू. तिकीट निघाल्यावर बॅक दाबली तर कुठे जावे? पैसे भरण्याच्या स्क्रीनवर नक्कीच नाही, ते काम संपले. तिकीट दाखवतानाच खालची यादी, नावे आणि पैसे या तिन्ही स्क्रीन स्टॅकमधून काढून शोधापर्यंत वाट मोकळी करायला हवी. त्यासाठी पॉपअपटू नावाची एका ओळीची सोय आहे. लॉगिनचेही तेच : आत शिरलेल्या माणसाला बॅक दाबल्यावर पुन्हा पासवर्ड विचारणे म्हणजे त्याचा अपमान आहे. ‘कृपया बॅक दाबू नका’ अशी पाटी आपण सगळ्यांनी पैसे भरताना वाचली आहे. ती पाटी वाचली की मला खेद होतो. ॲपने ठरवायची गोष्ट ॲपने ठरवली नाही, आणि तिचा भार आधीच पैशांच्या काळजीत असलेल्या माणसाच्या अंगठ्यावर टाकला. नावे भरताना बॅक दाबली तर? ‘बदल टाकून द्यायचे का?’ असे विचारण्यापेक्षा मुकाट्याने मसुदा साठवून ठेवावा, असे माझे मत आहे. माणूस दोनदा मागे येऊन पुन्हा पुढे गेला तर त्याची सहा नावे तिथेच असावीत.

तळाशी तीन-चार टॅब असले की प्रत्येक टॅबला स्वतःची वाट असते. ‘माझी तिकिटे’मध्ये दोन स्क्रीन आत गेलेला माणूस ‘शोध’वर जाऊन परतला तर त्याला जिथे सोडले होते तिथेच तो सापडायला हवा. हे इतके उघड असूनही गूगलच्या नेव्हिगेशन लायब्ररीत अनेक बॅक स्टॅकची सोय २०२२च्या जानेवारीत, २.४.० या आवृत्तीत आली. तोपर्यंत जो तो आपापली जुळणी करत होता आणि प्रत्येक ॲप वेगळे वागत होते. नोटिफिकेशनवरून उघडलेल्या स्क्रीनचा प्रश्न याच्या उलट आहे. तिच्यामागे काही वाट नसतेच, ती आपण रचून द्यावी लागते, म्हणजे माणूस हाताने चालत आला असता तर जशी असती तशीच. अँड्रॉइड ४.१पासून टास्कस्टॅकबिल्डर हेच करतो.

लायब्रऱ्यांचा इतिहास मी इथे थोडक्यात सांगतो, कारण तो बदलत राहणार. २०१८च्या गूगल आय/ओमध्ये नेव्हिगेशन कंपोनंट जाहीर झाले, २०१९च्या मार्चमध्ये ते स्थिर झाले. एकच ॲक्टिव्हिटी, आत सगळ्या स्क्रीन आणि त्यांचा एक नकाशा, ही मांडणी त्याने रुजवली. २०२१च्या जुलैत जेटपॅक कंपोज १.० आले. तिथे स्क्रीनचे पत्ते वेबच्या पत्त्यांसारखे अक्षरांत लिहावे लागत आणि एक अक्षर चुकले तर ते ॲप चालवल्यावरच कळे. २०२४च्या २.८ आवृत्तीने ते पत्ते कोटलिनच्या प्रकारांत बांधले आणि ही डोकेदुखी संपवली. २०२५मध्ये नेव्हिगेशन ३ आले. त्यात बॅक स्टॅक म्हणजे तुमच्या हातातली एक साधी यादी. तिच्यात घाला, तिच्यातून काढा, पडदा त्या यादीप्रमाणे बदलत राहील. सतरा वर्षांपूर्वी जो स्टॅक यंत्रणेच्या पोटात होता, तो मधल्या काळात लायब्ररीच्या कपाटात गेला आणि आता प्रोग्रामरच्या टेबलावर आला आहे. मला हे मनापासून आवडले. पण यादी आपली झाली म्हणून परतीची वाट आपली होत नाही. ती चालणाऱ्याचीच आहे.

याच काळात यंत्रणेने एक मोठी मागणी पुढे केली, तिचे नाव प्रेडिक्टिव्ह बॅक. कडेवरून बोट ओढायला सुरुवात करताच मागे काय आहे त्याची झलक दिसावी, आणि नको असेल तर बोट परत सरकवून थांबता यावे. अँड्रॉइड १३ने २०२२मध्ये याची पायाभरणी केली, आणि अँड्रॉइड १६ला लक्ष्य करणाऱ्या ॲपना ते आपोआप लागू होते. दिसायला ही सजावट वाटते. प्रत्यक्षात तिने जुनी सवय मोडली. आधी बॅक दाबल्यानंतर ऑनबॅकप्रेस्डमध्ये बसून आपण ठरवत असू की आता काय करायचे : सर्च उघडा असेल तर तो मिटवा, नाहीतर ड्रॉवर, नाहीतर बाहेर. आता झलक दाखवायची तर उत्तर बोट टेकण्याच्या आधी तयार असायला हवे. म्हणून अँड्रॉइड १६साठी बांधलेल्या ॲपमध्ये ती जुनी हाक येतच नाही. बॅक आपल्याला हवी की नको हे आधीच नोंदवून ठेवावे लागते, आणि परिस्थिती बदलली की ती नोंद बदलावी लागते. ‘बाहेर पडण्यासाठी पुन्हा बॅक दाबा’ ही चिठ्ठी दाखवणाऱ्या ॲपचीही आता पंचाईत झाली आहे, कारण होम स्क्रीन तर बोटाखाली दिसू लागली पाहिजे. ती चिठ्ठी जावी असे मला फार पूर्वीपासून वाटत होते. अँड्रॉइड १२पासून तर पहिल्या स्क्रीनवर बॅक दाबली तरी यंत्रणा ती मोडत नाही, फक्त मागे ठेवते. चुकून बाहेर पडलेल्याचे आता फारसे नुकसान होतच नाही.

फोल्डेबल फोन आणि टॅब्लेट यांच्यामुळे हनीकोंबच्या काळातला दोन खणांचा प्रश्न नव्याने उभा आहे : पडदा उघडा असताना यादी आणि तपशील शेजारी आहेत, पडदा मिटल्यावर तपशील तेवढा उरतो, आता बॅकने यादी दिसावी का? माझ्या मते दिसावी. सहाव्या प्रकरणात त्यामागची कारणे आणि ज्यांना ती पटणार नाहीत त्यांच्यासाठी दुसरी मांडणी, दोन्ही दिली आहेत.

वाचकाला कोटलिन येते आणि एखादे छोटे ॲप त्याने केले आहे, एवढे मी गृहीत धरले आहे. पहिल्या दोन प्रकरणांना संगणक लागणार नाही. आपल्या ॲपच्या सगळ्या स्क्रीन कागदावर चौकोनांत काढाव्यात आणि प्रत्येक चौकोनाखाली, इथे बॅक दाबली तर कुठे, हे लिहावे. जिथे लिहिता येत नाही तो चौकोन तसाच सोडावा आणि पुढे वाचत जावे. तिसऱ्या प्रकरणापासून कमी रॅमचा एखादा जुना फोन हाताशी असू द्या, नव्या फोनवर निम्मी उदाहरणे उगाच बरोबर चालतील.